लुना, भुऱ्या आणि मोडाची भाकरी

२४ ऑक्टोबर २०२५

शिवांजली आज पहाटे पुण्याला गेली, तिथून रात्रीच्या विमानाने जर्मनीला. कंपनीचं काम आहे, सहा महिन्यांचं. जाताना तिची कुत्री लुना आमच्या गळ्यात बांधून गेली. सायबेरियन हस्की म्हणतात या जातीला. निळे डोळे, लांडग्यासारखं तोंड, आणि तोरा असा की आपणच हिच्याकडे पाहुणे आलोय असं वाटावं.

सोबत दोन पानांची यादी. रोज उकडलेलं चिकन, नाहीतर अंडी, नाहीतर अमुक पिशवीतला खाऊ, तोही कोंबडीचाच. मी तिथल्या तिथे सांगितलं की या घरात ते होणार नाही. पाच वर्षांपूर्वी कारखान्यातून निवृत्त झालो, गळ्यात तुळशीची माळ घातली, बायकोच्या, शालनच्याही गळ्यात घातली. तेव्हापासून आमच्या चुलीजवळ अंड्याचं टरफलही आलेलं नाही. शिवांजली म्हणाली, बर्फाच्या मुलखातल्या कुत्र्यांना पीठ पचवायचे जीन्सच कमी असतात. मला हसू आलं. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पस्तीस वर्षं केमिस्ट होतो मी. उसाच्या रसातला स्टार्च मोजण्यात हयात गेली, आणि पोरगी मला स्टार्च शिकवते. आमच्या गल्लीतला भुऱ्या भाकरीवर जगतो, त्याचा बापही भाकरीवर जगला. कुत्रं ते कुत्रं.

शेवटी तिने अट घातली. लुनाचं आजचं वजन १९.२ किलो. दर आठवड्याला वजन कळवायचं. अठराच्या खाली गेलं तर पुण्यातली तिची मैत्रीण येऊन लुनाला कायमची घेऊन जाणार. तोवर लुनाला बघायला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल.

आता हे फक्त इथे लिहितो, कुणाला सांगायचं नाही. दोन वर्षांपूर्वी तिने आणलेला अंड्यांचा ट्रे मी शेजारच्या हरणाबाईंकडे पोचता केला आणि वर पोरीला चार शब्द सुनावले. तेव्हापासून ती मुक्कामाला येत नाही, फोन महिन्यातून एखादा. दिवाळीला आली तीसुद्धा कुत्री सोडायला. लुना इथे राहिली तर रोज पोरीचं तोंड दिसेल. म्हणून लुना राहिली पाहिजे.

२७ ऑक्टोबर

लुनाने भाकरी हुंगली, अंगणात खड्डा केला, भाकरी पुरली आणि वर माती लोटली. अंत्यविधी इतका व्यवस्थित की शालन पदर तोंडाला लावून हसत होती. दूध-भाकरी कुस्करून दिली, ती थोडी खाल्ली आणि दुपारनंतर पोट बिघडलं. भुऱ्या खड्डा उकरून पुरलेली भाकरी घेऊन गेला.

संध्याकाळी कॉल आला. सात मिनिटं. मी म्हणालो, रुळतेय.

३१ ऑक्टोबर

वजन १८.४. मी लुनाला उचलून काट्यावर उभा राहतो आणि मग माझे एकाहत्तर वजा करतो. तीन वेळा मोजलं, आकडा बदलेना. आठवड्यात आठशे ग्रॅम. या हिशेबाने पुढच्या शुक्रवारी पुण्याची गाडी दारात.

कडेगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉ. स्वप्नाला बोलावलं. आपल्याच गावची, धोंडीबा मास्तरांची नात. तिने लुनाचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या आणि मला खुर्चीवर बसवून शिकवणी घेतली. स्टार्च फोडणारं जे अमायलेज असतं, ते बनवायचा एक जीन आहे. लांडग्याकडे त्याच्या दोनच प्रती. जी कुत्री शेतकऱ्यांच्या दारात हजारो वर्षं शिळ्यापाक्यावर वाढली, त्यांच्यात त्या वाढत गेल्या, कुणाकडे दहा, कुणाकडे वीस. बर्फातली कुत्री मासे आणि मांसावर वाढलेली, त्यांच्यात बहुतेक वेळा थोड्याच. पण ती हेही म्हणाली की एका जीनवर सगळं ठरत नाही, आणि आकडा पाहिल्याशिवाय ती छातीठोक बोलणार नाही. पोरगी शिस्तीची आहे. तिच्या पीएचडीसाठी ती गावोगावच्या कुत्र्यांच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुने घेते. लुनाचा घेतला. भुऱ्याचाही घेतला, त्याने काडी चावून टाकली म्हणून दोनदा. निकालाला पाच-सहा आठवडे.

तोवर अंडी सुरू करा, म्हणाली. मी गळ्यातली माळ दाखवली. तिने माझ्याकडे आणि मग शालनकडे पाहिलं आणि बॅग आवरली.

१ नोव्हेंबर

रात्रभर डोक्यात एकच. पहाटे युक्ती सुचली आणि उठून बसलो. लुनाकडे अमायलेज कमी आहे ना? मग ते बाहेरून द्यायचं. धान्याला मोड आले की त्या मोडात अमायलेज आपोआप तयार होतं. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून दळायची आणि त्या पिठाचं थोडं विरजण कोमट घट्ट पेजेत घालून दोन तास ठेवायचं. लुनाच्या पोटाने करायचं काम पातेल्यातच उरकायचं. मग त्यातच पीठ मळून पातळ भाकरी भाजायची. लांडग्याला जे दहा हजार वर्षांत जमलं नाही ते मी चार दिवसांत करून दाखवतो.

शालनने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली की भाकरी मी भरवीन, तुम्ही समोर उभे राहता म्हणून ती खात नाही. मागच्या गोठ्यात नेऊन, दार लावून भरवीन. मलाही ते पटलं. निरीक्षकाच्या उपस्थितीने प्रयोग बिघडतो, हे लॅबमध्ये आम्ही नेहमी पाहायचो.

८ नोव्हेंबर

१८.७! मोडाचं पीठ, म्हणजे माल्ट, लागू पडलं.

शिवांजलीला आकडा सांगितला. तिने आईला फोन द्यायला सांगितलं, दोघी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बोलल्या. बायकांचं काय चाललेलं असतं कोण जाणे. मला परत फोन मिळाला तेव्हा पोरगी हसत होती. जर्मनीत चार वाजताच अंधारायला लागतं, म्हणाली. मी विचारलं, स्वेटर पुरतो का. पुरतो म्हणाली.

१५ नोव्हेंबर

उत्पत्ती एकादशी. या महिन्यात शालनची भक्ती फार वाढली आहे. पूर्वी सकाळी एकदा अंघोळ करायची, आता दुपारी लुनाला भरवून आली की डोक्यावरून पाणी घेते आणि मगच देवाजवळ जाते. थंडी सुरू झाली, तरी खंड नाही. मी म्हणालो, प्रकृतीला जप. ती म्हणाली, "देवाचं देवाला, ज्याचं त्याला दिलं की बरं वाटतं." उत्तर मला फारसं कळलं नाही, पण ऐकायला छान वाटलं.

हरणाबाईंच्या कोंबड्या मात्र अंडी देईनात. गल्लीत कुणाला एकही अंडं मिळत नाही. शिवाय एक कोंबडा रानमांजराने नेला. मी त्यांना सांगितलं की कोंबड्यांना चुन्याची कमतरता आहे, आणि स्वतः जाऊन शिंपल्याची पूड दिली. हरणाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि शालनकडे बघून खोकल्या. लुना त्यांच्या साडीचा सोगा सोडत नव्हती. जनावराला चांगलं माणूस कळतं.

२१ नोव्हेंबर

आज शास्त्रीय पुरावा. टिंक्चर आयोडीन आणलं. स्टार्च असेल तिथे आयोडीन निळंकाळं होतं, हे कारखान्यात हजार वेळा केलंय. लुनाची विष्ठा पाण्यात कालवली, थेंब टाकला. निळ्याचा मागमूस नाही. पुन्हा केलं, तेच. म्हणजे माझ्या भाकरीतला कणन् कण पचला. तुलनेसाठी भुऱ्याचाही नमुना घेतला, त्यात मात्र निळी झाक दिसली. सायबेरियाची कुत्री गावठीपेक्षा भाकरी चांगली पचवते. जगात ही नोंद माझ्याआधी कुणी केली नसेल.

शालन नाक धरून दारात उभी होती. चहाच्या कपांपासून लांब करा म्हणाली, बाकी काही नाही. कौतुक करायची तिला सवय नाही.

जाता जाता नोंद: भुऱ्या अतोनात सुटलाय. काल ओढ्याची उडी चुकला आणि मधेच बसून राहिला. कुणाच्या घरी चोरून खातो कळत नाही.

३० नोव्हेंबर

१९.६. अंगावर हात ठेवला तर केस साटिनसारखे. कडेगावच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान ठरलं, १४ डिसेंबर, रविवार. विषय मीच दिला: 'भाकरी, हस्की आणि आधुनिक विज्ञान'. डॉ. स्वप्नालाही आग्रहाने बोलावलंय.

कॉल आता वीस-पंचवीस मिनिटांवर गेलाय. पोरीने आज विचारलं की मोड किती तास आणायचे. मी पाऊण तास समजावलं असतं, पण तिकडे तिची मीटिंग होती. मी खूप सुखात आहे, हे लिहून ठेवतो.

९ डिसेंबर

निकाल आला. स्वप्ना स्वतः घेऊन आली. भुऱ्याच्या प्रती सोळा. लुनाच्या तीन.

तीन आकडा ऐकून मी मांडीवर थाप मारली. तिनावर हे, तर सोळावर काय! स्वप्ना मात्र विचारात पडली. थोड्या प्रती असलेली कुत्रीही शिजवलेलं धान्य बऱ्यापैकी पचवतात, म्हणाली, पण आधी पोट बिघडलेली कुत्री नुसत्या भाकरीवर सव्वा किलो चढते आणि विष्ठेत स्टार्च शून्य, असं तिने कधी वाचलं नाही. तिने मला सरळ विचारलं की लुना आणखी काही खाते का. मी सांगितलं, या घरात दुसरं आहेच काय. मग तिने माझ्या सगळ्या नोंदींचे फोटो काढले. तिला हे प्रबंधात घालायचंय. माझं नाव येणार.

शालन चहा न देताच आत गेली. रात्री जेवली नाही. अंथरुणावर पडल्यावर विचारत होती, प्रबंधात काही खोटं गेलं तर त्या पोरीचं काय होईल. मी म्हणालो, उघडकीला आलं तर पदवी जाते, नावाला बट्टा लागतो तो वेगळा. तिला ॲसिडिटी झालेली दिसते.

११ डिसेंबर

शालनने आज सांगितलं.

दुपारी मला हाताला धरून गोठ्यात नेलं. तीन दगडांची चूल, हरणाबाईंचं काळं पातेलं, त्यात उकडलेली कोंबडी. पहिल्या दिवसापासून. अंडी हरणाबाईंची, कोंबडी त्या बाजारातून आणायच्या, कोंबडाही त्यांचाच. माझी मोडाची भाकरी रोज भिंतीपलीकडे भुऱ्याला.

मी ओरडलो. बरंच ओरडलो. माळ घालून, ज्या हाताने देवाला फूल वाहतेस त्या हाताने, वगैरे. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "आवं, माळ तुमच्या-माज्या गळ्यात हाय. तिच्या गळ्यात पट्टा हाय. मी बोटसुदिक चाटलं न्हाई. रोज डोस्क्यावरनं पाणी घेतलं, मगच देवाम्होरं गेले."

मी म्हणालो, मग आजच का सांगितलंस. "तुमाला फसीवलं, त्याचं मला कायबी वाटलं न्हाई," ती म्हणाली. "पर स्वप्नाच्या पुस्तकात खोटं जायाला नगं. पोर लय राबत्या."

लुना पातेल्याशी बसून माझ्याकडे पाहत होती.

१२ डिसेंबर

व्याख्यान रद्द करावं. ताप आला म्हणून सांगावं. दिवसभर हेच.

संध्याकाळी ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं मीच लिहून ठेवलंय. दुपारची अंघोळ मी लिहिली, न मिळणारी अंडी मी लिहिली, भुऱ्याचं पोट मी लिहिलं. कोंबडी खाणाऱ्याच्या विष्ठेत स्टार्च शोधत बसलो आणि नाही सापडला म्हणून नाचलो. पस्तीस वर्षांत इतकी सुंदर चूक लॅबमध्ये कुणी केली नव्हती. शिंपल्याच्या पुडीपाशी आलो आणि हसू फुटलं, ते थांबेचना. शालन धावत आली. तिला वाटलं, मला काही झालं.

मग तिला विचारलं, पाच वर्षांत पहिल्यांदाच, की माळ घालताना तिला मनापासून घालायची होती का. ती म्हणाली, व्हय, पण तुम्ही विचारलं असतं तर आणखी आवडलं असतं.

१३ डिसेंबर

सकाळीच दवाखान्यात जाऊन स्वप्नाला सांगितलं. ती आधी गंभीर झाली, मग तिने टेबलावर डोकं टेकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. लुनाचं पान तिने माझ्यासमोर खोडलं. मात्र भुऱ्याची नोंद जपून ठेवा म्हणाली, सोळा प्रतींचा कुत्रा सहा आठवडे दुप्पट भाकरीवर राहिला आणि ठणठणीत फुगला, ही माहिती खरी आहे. एका कुत्र्याने सिद्ध काही होत नाही, पण सुरुवात म्हणून चालेल. मी विचारलं, माझं नाव? ती म्हणाली, "काका, आभारात काकूंचं आणि हरणाबाईंचं घालते. तुमचं भुऱ्याच्या खाली."

१४ डिसेंबर

व्याख्यान झालं. चाळीस-पन्नास माणसं होती, पुढच्या रांगेत शालन, हरणाबाई आणि स्वप्ना. कागद खिशातच ठेवला आणि पहिल्यापासून खरं सांगितलं. आयोडीनपाशी लोक हसायला लागले, दुपारच्या अंघोळीपाशी बायका पदरात तोंड घालून बसल्या. शेवटी म्हणालो, प्रयोगात चूक एकच झाली, प्रयोग करणाऱ्याने स्वयंपाक करणारीला विचारलं नाही. टाळ्या संपेनात. हरणाबाई उठून उभ्या राहिल्या आणि नमस्कार करून बसल्या.

चहाच्या वेळी माझ्यासारखेच माळकरी असलेले एक निवृत्त सुभेदार माझ्या कोपराला धरून बाजूला घेऊन गेले. चेहरा फार विचारात. "लालासाहेब," ते हळूच म्हणाले, "आमचीबी दुपारची आंगूळ करत्या. आन आमच्यात कुत्रं न्हाई." मी त्यांना बिस्किट दिलं.

घरी येईस्तोवर मन हलकं होतं. पण मोठं काम राहिलं होतं. सात वाजता कॉल आला, आणि पोरगी बोलायच्या आत मी सांगून टाकलं. वजन माझ्या भाकरीने वाढलं नाही, आकडे खरे पण कारण खोटं. अट मी पाळली नाही, आईने पाळली. तुला वाटत असेल तर मैत्रिणीला पाठव, मी अडवणार नाही.

ती म्हणाली, "बाबा, आई मला पहिल्या दिवसापासून गोठ्यातले फोटो पाठवतेय. लुनाची मला काळजी नव्हतीच."

मी म्हणालो, मग रोज फोन कशाला करत होतीस.

"तुम्ही बोलत होता ना," ती म्हणाली. "मोडाचं, आयोडीनचं. लहानपणी लॅबमधून आल्यावर बोलायचात तसं."

त्यानंतर तिला काही दिसू नये म्हणून मी कॅमेरा लुनाकडे फिरवला.

२० डिसेंबर

गोठ्यातली चूल आता माझ्याकडे. नाकाला टॉवेल बांधतो, कोंबडी मोजून तीनशे ग्रॅम, मीठ शून्य, बावीस मिनिटं. शालनने दगडावर बसून देखरेख करायची, हात लावायचा नाही. मग मी डोक्यावरून पाणी घेतो. गार पाण्याने हुडहुडी भरते. सहा आठवडे ही बाई काय करत होती ते अंगाला कळलं.

भुऱ्याची भाकरी निम्म्यावर आणलीय, डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्याने निषेध म्हणून माझी चप्पल नेली.

३ जानेवारी २०२६

वजन २०.३. कळवायचं राहून गेलं.

आज फोन बावन्न मिनिटं चालला. तिथल्या बर्फाचं बोलली, शेजारच्या म्हाताऱ्या बाईचं बोलली, ऑफिसातल्या एका माणसाचं जरा जास्तच बोलली, तिथे मी मुद्दाम काही विचारलं नाही. मार्चमध्ये सुट्टी मिळतेय, आठ दिवस मुक्कामालाच येते म्हणाली. फोन ठेवल्यावर शालनने विचारलं, लुनाबद्दल काय म्हणाली.

मी आठवून पाहिलं. लुनाचं नाव एकदाही निघालं नव्हतं.